थडग्यातल्या बाईचं माहेर

माझा बाप कोतवाल होता. पोलिसातला नव्हे. तलाठ्याच्या हाताखालचा, गावचं दप्तर खांद्यावर घेऊन चालणारा, दवंडी देणारा, साहेबाची जीप येणार म्हटलं की चावडी झाडून पाण्याचा माठ भरून ठेवणारा. त्याला जे मिळायचं त्याला सरकारसुद्धा पगार म्हणत नसे, मानधन म्हणे. चावडीच्या मागे पत्र्याची एक खोली होती, तीत आम्ही सहाजण. आई लग्नाच्या कार्यालयात भांडी घासायला जायची आणि सीझन संपला की कांद्याच्या चाळीवर. लग्नं उन्हाळ्यात असत, म्हणून उन्हाळ्यात आम्ही पोटभर जेवायचो, तेही कार्यालयातल्या उरलेल्या बुंदीवर. बुंदी मला आजही बघवत नाही.

बारावीला मला गावात कुणाला पडले नव्हते इतके मार्क पडले. इंजिनिअरिंगची सीट लागली आणि जातीच्या पडताळणीत गेली. आमची जात इथे लिहीत नाही, ती कागदांवर भरपूर लिहून झाली आहे. अडलं होतं ते वंशावळीत. माझ्या आजीचा पहिला नवरा तापानं गेला आणि तिनं पाट लावला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात ते चालत आलेलं, वाजंत्री न लावता चार माणसांत उरकायचं. माझा बाप दुसऱ्या नवऱ्याचा. पण गाव आजीला पहिल्या घरावरूनच ओळखायचं, म्हणून शाळेतल्या मास्तरानं बापाच्या नावापुढे पहिल्या घराचं आडनाव लावून टाकलं. झालं. कागदावर माझा बाप आणि माझा आजा एकमेकांचे कुणीच नव्हते.

पडताळणीच्या कचेरीत टेबलामागचा माणूस फाईल आमच्याकडे सरकवत म्हणाला, "तुमच्या वडिलांचे वडील नक्की कोण, ते आधी घरी ठरवा. मग या."

बाजूच्या टेबलावरचे दोघं हसले. बाप टोपी हातात घेऊन "जी साहेब" म्हणाला. मी अठरा वर्षांची होते, काही बोलले नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो.

गावची जन्म-मृत्यूची वही वाळवीनं खाल्ली होती. तीच वही बापानं वर्षानुवर्षं खांद्यावरून वाहिलेली. तहसीलातली नक्कल सापडायला एक वर्ष गेलं, आणि ते वर्ष मी आईबरोबर कार्यालयातल्या कढया घासल्या. मग तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटरला बसले आणि पास झाले. घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणालाही, न विचारता, कुठेही सांगते.

आता मी इंग्लंडात, बेसिंगस्टोकला राहते. एका बिझनेस पार्कमधल्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि लिहून द्यायच्या, हे माझं काम. स्वभावाला धरून आहे, असं नवरा म्हणतो.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक पुण्याच्या काकू राहतात. तीस वर्षं झाली त्यांना इकडे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी काचेच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत. कोकणातला मूळ पुरुष, मग त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, शाखा, उपशाखा.

"आमच्या ह्यांची बारावी पिढी," काकू म्हणाल्या. "तुमचा आहे का गं छापलेला?"

"आमचा तहसील कचेरीत आहे."

"अय्या, हस्तलिखित! मग तर जपून ठेवायला हवा."

मी काही सांगत बसले नाही. पण मला जुन्या कागदांत रस आहे, एवढं त्यांच्या ध्यानात राहिलं आणि त्यांनीच मला जवळच्या एका खेड्यातल्या इतिहास मंडळात नेलं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये चौदा-पंधरा माणसं जमत. काकू चहा करत आणि मीटिंगचे मिनिट्स लिहीत. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वकील, सत्तरीपलीकडचे. दुसरं कुणी बोलत असलं की ते संत्रं सोलायला घेत, आणि त्याची साल एका अखंड पट्टीत निघाली की समाधानानं मान हलवत. कुणाच्याही बोलण्यावर मी त्यांना तशी मान हलवताना पाहिलं नाही.

खेड्यातल्या चर्चमध्ये एक थडगं आहे. वर दगडाचे दोन देह आडवे, हात जोडलेले: एक नाइट, म्हणजे लढाऊ सरदार, आणि शेजारी त्याची बायको. बाईचं नाक तुटलंय, पायाशी छोटा कुत्रा. चौदाव्या शतकातली. ही बाई एका अर्लची मुलगी, असं सगळे मानत. अर्ल म्हणजे राजाच्या खालोखालचा मोठा सरदार. त्या अर्लच्या घराण्याच्या जहागिरीतलं एक गाव मरेपर्यंत बाईच्या ताब्यात होतं, एवढ्यावरून दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पाद्र्यानं आपल्या पुस्तिकेत तिला अर्लची मुलगी ठरवलं होतं. आणि आमचे अध्यक्ष त्या बाईच्या मुलाचे वंशज. म्हणजे अर्लचं रक्त. ते हे सांगत नसत, सांगितलं जाईल अशी व्यवस्था करत. कुणी नवीन आलं की काकूच त्याच्या कानात सांगायच्या.

चर्चमधल्या जुन्या माहितीच्या बोर्डावरची अक्षरं उडत चालली होती. नवा करायचा ठरलं. त्यावर बाईची वंशावळ येणार होती: वर अर्ल, त्याच्यावर त्याचे बापजादे, पार एका राजापर्यंत. वसंतातल्या वार्षिक सभेत मजकूर मंजूर झाला की बोर्ड करायला जाणार, आणि एकदा भिंतीला लागला की पन्नास वर्षं हलणार नाही. अध्यक्षांनी हातानं काढलेला तक्ता माझ्याकडे दिला.

"तुम्ही कॉम्प्युटरवाल्या. हे नीट टाइप करून द्याल?" ते इंग्रजीत म्हणाले. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच होई, मी ते मराठीत लिहिते आहे.

मी टाइप करायला बसले. सगळ्या रेघांना खाली बारीक अक्षरात आधार दिला होता, अमुक दस्त, तमुक खंड. फक्त बाई आणि अर्ल यांच्यामधल्या रेघेला आधार नव्हता. पाद्र्याची पुस्तिका काढली. तिथे एकच शब्द होता, 'निःसंशय'. आमच्या कामात हा शब्द दिसला की आधी तिथेच बोट ठेवायचं असतं.

पुढच्या महिन्याच्या मीटिंगला मी विचारलं, "ही त्याची मुलगी, याला कागद काय?"

"अहो, दीडशे वर्षं सगळ्यांना माहीत आहे ते."

"सगळ्यांना माहीत असणं वेगळं आणि कागद असणं वेगळं."

त्यांनी संत्र्यावरून नजर उचलली. "कागद! मला वाटायचं तुमच्याकडे सगळं तोंडीच असतं."

दोघं-तिघं हसले. काकूही हसल्या.

"आमच्याकडे कागद नसला तर कॉलेजात घेत नाहीत," मी म्हणाले. ते कुणाला कळलं नाही, पण त्या दिवशी मी मनात पक्कं केलं. ज्या माणसाला त्याच्या बापाचा बाप कधी कुणी विचारला नाही, त्याच्यासाठी खोटी रेघ माझ्या बोटांनी टाइप होणार नाही.

त्या काळी राजाकडून मिळालेली जमीन ताब्यात असलेलं कुणी मेलं की सरकारी चौकशी बसे. आसपासच्या बारा माणसांना शपथेवर विचारत: मेलेल्याकडे कुठली जमीन होती, कुणाकडून आली, पुढे वारस कोण. वारस नोंदीच्या वेळी तलाठी पंचांना बसवून विचारतो, अगदी तसंच. हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. त्या चौकशांचे छापील गोषवारे लायब्ररीत मिळतात. मी दोन महिने शनिवार-रविवार ते खंड उपसले. थडग्यातल्या नाइटची चौकशी सापडली, बायकोची नाही. त्याच्या आडनावाखाली पुढेमागे कुठेच ती नव्हती.

मला वाटलं, सापडलं! जमीन असती तर चौकशी झाली असती. चौकशी नाही म्हणजे ते गाव तिच्याकडे कधी नव्हतंच, आणि पाद्र्यानं सगळं हवेतून आणलं. फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि तसं म्हणाले. ठासून म्हणाले.

अध्यक्षांनी माझं पूर्ण होऊ दिलं. मग पिशवीतून एक झेरॉक्स काढली. एका जुन्या छापील यादीचं पान, त्यात एक ओळ: बाईचं नाव, तिच्याकडचं गाव, मरणाचं साल. फक्त ते नाव नाइटच्या आडनावाखाली नव्हतं. अर्लच्या घराण्याच्या नावाखाली होतं.

"तुम्ही नवऱ्याच्या नावाखाली शोधत बसलात," ते हळुवार आवाजात म्हणाले. लहान मुलाला बुटाची नाडी शिकवावी तसे. "ती मेली तेव्हाही स्वतःचं नाव लावत होती. आपल्या वडिलांचं. मोठ्या घरच्या स्त्रिया लावत. हे तुम्हाला कसं माहीत असणार म्हणा."

आता हॉलमधले सगळे हसले. माझी चूक होती आणि ती कुठून आली तेही मला तेव्हाच कळलं. आमच्याकडे बाई लग्न करून गेली की नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं धुऊन नवऱ्याचं लागतं. काही घरांत तर पाळण्यातलंही बदलतात. मी मुंबईच्या पासपोर्ट ऑफिसची सवय घेऊन चौदाव्या शतकात शिरले होते.

परत येताना मी काकूंच्या गाडीत होते. पहिल्या राउंडअबाउटच्या गोलावरून त्यांनी गाडी वळवली. मग म्हणाल्या, "उभं राहून बोलायची काय गरज होती? नंतर हळूच विचारायचं. आपण पाहुणे आहोत इथे."

"काकू, तुम्ही तीस वर्षं पाहुण्या? आमच्या गावात पाहुणा चौथ्या दिवशी उठला नाही तर त्याला सरपण फोडायला लावतात."

"तेच ते. हे असं बोलणं. अगं, खरं सांगू का, वाईट वाटून घेऊ नकोस, पण घराण्याची जाण असावी लागते. ती रक्तात असते. डिग्री घेऊन येत नाही."

"गाडी थांबवा."

"काय?"

"मला उतरायचंय. पुढच्या राउंडअबाउटला."

"राउंडअबाउटवर कुणी उतरतं का! पोलीस पकडतील मला!"

त्यांनी अलीकडच्या बस स्टॉपवर गाडी लावली. मी उतरले आणि तीन मैल चालत घरी गेले. बेसिंगस्टोकचे रस्ते चालणाऱ्या माणसासाठी बांधलेले नाहीत. प्रत्येक राउंडअबाउटला खाली उतरून बोगद्यातून पलीकडे जावं लागतं. त्या प्रत्येक बोगद्यात मी काकूंना एकेक उत्तर दिलं आणि सगळी एकापेक्षा एक चांगली होती.

नवऱ्यानं दार उघडलं, माझे बूट बघितले.

"सोड ना आता," तो म्हणाला. "मेलेली बाई. तिचा बाप कुणी का असेना, आपल्याला काय करायचंय?"

"तुला काय करायचंय ते तू ठरव. मला करायचंय."

"अगं पण त्यांच्याकडे कागद आहे ना!"

होता. तेच तर टोचत होतं. रविवारी सकाळी मी बापाला फोन लावला. कोतवालकी सुटून त्याला बरीच वर्षं झाली, आता तो फोनवरही उभा राहून बोलतो, साहेबांशी बोलल्यासारखा. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "आबा, आजीला गाव पहिल्या घरावरूनच का हाक मारायचं? आजोबांबरोबर चाळीस वर्षं नांदली ना?"

"आता हे कुठून आलं मधीच?"

"सांगा ना."

"अगं, गावाचं काय घेऊन बसलीस! म्हातारी सोताच सांगायची तसं. पहिलं घर वजनदार ना. पाटलाच्या बैलजोड्या त्यांच्याकडं असायच्या, सणाला मान त्यांचा. तुझा आजा काय, शेळ्यामागचा माणूस. मग ती कशाला सोडंल मोठ्या घराचं नाव? माझ्या बापाशी भांडण झालं की पदर खोचून म्हणायची, मी अमक्यांची हाय! आन् मग तुझा आजा बसायचा गप."

"अमक्यांची म्हणजे, त्यांची मुलगी नव्हे."

"मुलगी कशी आसंल? सून! माहेर तिचं कुठलं हे तर मलाबी धड सांगता येत न्हाई."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत तशीच बसून राहिले. बाई मोठ्या घरचं नाव लावते, म्हणजे ती त्या घरात जन्मलीच पाहिजे असं थोडंच आहे! अध्यक्षांना हे सुचलं नव्हतं. पाद्र्यालाही नाही. काकूंना तर सुचणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्या बारा पिढ्यांच्या पुस्तकात पाटाला रकानाच नाही. मला सुचायला हवं होतं आणि मी ते फोन करून आणलं.

यादीतली ती एक ओळ नुसती यादी होती. मूळ चामड्याचा कागद लंडनच्या कडेला सरकारी दप्तरात असतो, आणि कुणीही नाव नोंदवून बघू शकतं. मी रजा टाकली. दोन ट्रेन बदलून गेले. पेन आत नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. कागद फोमच्या उशीवर ठेवून देतात, बाळंतिणीजवळ मूल ठेवावं तसा. मजकूर लॅटिनमध्ये होता आणि ते मला नीट येत नव्हतं. हिवाळ्यात थोडं शिकले होते, पण ते अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तिथल्या मदतीच्या टेबलावरची एक तरुण बाई माझ्याबरोबर दीड तास बसली. तिनं एकेक शब्द वाचला, मी लिहून घेतला. मध्ये ती थांबली आणि म्हणाली, "हे तुम्हाला हवंय का बघा."

बारा माणसांनी शपथेवर सांगितलं होतं की हे गाव बाईकडे तिच्या पहिल्या नवऱ्याच्या जमिनीतून आलं. पहिला नवरा म्हणजे अर्लचा धाकटा भाऊ. तो मेल्यावर तिला विधवेचा हिस्सा मिळाला. तिथल्या कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा भाग मिळे, तोही हयातीपुरता. ती मेली की जमीन नवऱ्याच्या घराण्याकडे परत. आणि तसंच झालं होतं: गाव अर्लकडे परत गेलं. दुसऱ्या नवऱ्यापासून, म्हणजे आपल्या नाइटपासून, तिला एक मुलगा होता, जिवंत होता, बापाचा वारस म्हणून त्याचं नाव बापाच्या चौकशीत आहे. गाव माहेरचं असतं तर त्या मुलाला मिळालं असतं. मिळालं नाही. म्हणजे ते सासरचं.

अर्ल तिचा बाप नव्हता. दीर होता.

मी पुन्हा वाचायला लावलं. टेबलावरची ती तरुण बाई हसली आणि तिनं पुन्हा वाचलं.

मग माहेर कुठलं? त्यासाठी मी आणखी चार शनिवार घातले, कारण मला आता ते हवंच होतं. एका दानपत्रात तिनं आपल्या आईबापाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला सांगितलंय. तिथे दोघांची नुसती नावं आहेत. आडनाव नाही, गाव नाही, धंदा नाही. मोठ्या घरचे असते तर लिहिलं असतं, असं मला फार वाटलं. अजूनही वाटतं. नवरा म्हणाला, "लिहून टाक ना मग, साध्या घरातली होती म्हणून. तुला तेच तर पाहिजे."

"पाहिजे. पण कागद नाही."

"त्यांनी कुठे कागद बघितला होता?"

"म्हणून तर मी त्यांना शिव्या घालतेय."

वार्षिक सभेला तेरा माणसं होती. मी चौकशीच्या त्या ओळींची प्रत, वाचलेलं लॅटिन आणि इंग्रजी भाषांतर असं प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवलं. या वेळी मी उभी राहिले ती हातात कागद धरून.

अध्यक्षांनी सगळं वाचलं. संत्रं अर्धं सोललेलं टेबलावर राहिलं.

"तीन ओळींवरून तुम्ही हे ठरवता?"

"तुमच्याकडे एकच शब्द होता."

"त्या पाद्र्यानं आयुष्य घातलं या चर्चमध्ये."

"घातलं असेल. कागद नाही बघितला."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?" त्यांचा आवाज आता वकिलाचा झाला होता. "या गावाची एवढी एक गोष्ट आहे. ती तुम्ही काढून घेताय. इथे येऊन किती वर्षं झाली तुम्हाला? सहा? सात?"

"नऊ. आणि ही बाई पण इथली सूनच होती."

मागून कुणीतरी हसलं, पण या वेळी माझ्यावर नाही. ते मला पुरलं नाही, पण बरं वाटलं.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "मग तुम्हीच सांगा. कोण होते तिचे वडील?"

"माहीत नाही."

"माहीत नाही!" ते सगळ्यांकडे वळले. "एवढा खटाटोप, आणि यांना माहीतच नाही. दीडशे वर्षांचं उत्तर काढून टाकायचं आणि तिथे भोक ठेवायचं."

"खोटं उत्तर असण्यापेक्षा भोक बरं. निदान पुढे कुणी शोधेल तरी."

"आणि बोर्डवर काय लिहायचं? माहीत नाही?"

चर्चची घंटा वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यात बसत. वर्षभरात मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. ते म्हणाले, "माहीत नसेल तर तेच लिहायचं. त्यात काय एवढं?"

मतदान झालं. माझ्या बाजूनं आठ हात, विरुद्ध चार. काकूंनी हात अध्यक्षांच्या बाजूनं वर केला, नीट, कोपर सरळ करून, आणि मग तोच हात खाली घेऊन मिनिट्समध्ये आकडे लिहिले. अध्यक्षांनी स्वतः मत दिलं नाही. कागद गोळा करून माझ्याकडे दिले, त्यातले दोन दुमडलेले, एकावर संत्र्याचा रस.

माझं नाव बोर्डवर घालायचं का, हा विषयच निघाला नाही. मी काढला नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? मी काढला. शोध कुणी लावला ते एका ओळीत लिहावं, असं मी म्हणाले. बोर्डवर तशी पद्धत नाही, असं उत्तर मिळालं. पाद्र्याचं नाव मात्र जुन्या बोर्डवर होतं, ते मी वाचलेलं आहे, आणि हे मी तिथेच सांगितलं. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

बाहेर काकू गाडीपाशी थांबल्या होत्या.

"झालं समाधान?"

"हो."

"एवढं करून मिळवलंस काय? त्या बिचाऱ्याचं तोंड बघितलंस का?"

"बघितलं. काकू, तुम्हाला एक विचारू? तुमच्या त्या पुस्तकातला मूळ पुरुष. त्याला कागद आहे?"

काकूंनी दार उघडलं, बसल्या आणि खिडकीची काच वर केली. लिफ्ट देते म्हणाल्या नाहीत. मी मागणारही नव्हते. त्यानंतर त्या मला दुकानात दिसल्या की ट्रॉली दुसऱ्या रांगेत वळवतात. अध्यक्ष अजून अध्यक्षच आहेत आणि मला मीटिंगची ईमेल येत नाही. मी न बोलावता जाते.

बोर्ड जूनमध्ये लागला. त्यावर वंशावळ नाही, चार ओळी आहेत. ही बाई आधी अर्लच्या धाकट्या भावाची आणि मग इथल्या नाइटची बायको होती. पहिल्या नवऱ्याच्या जमिनीतला विधवेचा हिस्सा म्हणून एक गाव मरेपर्यंत तिच्याकडे होतं. तिला एक मुलगा होता. तिचे आईवडील कुठल्या घराण्यातले, हे माहीत नाही.